मानेचं कायझेन

१७ जून २०२४, सोमवार

शनिवारी शाळा उघडल्या, काल सीईटीचा निकाल लागला, आज ईदची सुट्टी. संध्याकाळी माझ्या फिजिओच्या दवाखान्यात पोरंच पोरं. जूनमध्ये हे ठरलेलंच. सुट्टीभर मान दुखत असते, पण घरच्यांच्या कानावर ती जाते दप्तर खांद्यावर चढल्यावर. मग दप्तरावर खापर. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको, असा राज्याचा २०१५ चा आदेश आहे आणि तो योग्यच आहे. पण आज आलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी दोन महिने दप्तराला हातसुद्धा लावला नव्हता.

शेवटचा आला तो नुकताच दहावी झालेला. डिप्लोमाला जायचंय. सकाळी एमएस-सीआयटीचा कॉम्प्युटर क्लास, दुपारी घरी वडिलांनी घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर कॅड शिकणं, रात्री गेम. गळ्यात पट्टा. वडील चाकणला असेंब्ली लाईनवर, फर्स्ट शिफ्ट करून थेट इकडे आलेले, डोळ्यांवर झोप. "मशीन लावा मॅडम, शेक द्या, पण ती दबलेली नस मोकळी करा."

नस दबलेलीच नव्हती. बोटांत मुंग्या नाहीत, दोन्ही हातांची पकड सारखी, मान दोन्हीकडे पूर्ण वळते, ताप नाही, पडझड नाही, रात्री दुखण्याने जाग येत नाही. त्यांनी आणलेल्या एक्स-रेखाली 'मानेचा बाक कमी' एवढी एक ओळ होती आणि त्या ओळीने घराची झोप उडवली होती. ज्यांचं काहीच दुखत नाही अशा माणसांच्या फिल्ममध्येही असा सरळ कणा सर्रास दिसतो. हे मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पटलं नाही.

मग मुलाला उताणं झोपवलं. हनुवटी आत घे, आणि ती आतच ठेवून डोकं दोन बोटं उचलून धर. काही सेकंदांतच हनुवटी छताकडे निघाली, गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ उभे राहिले, मान थरथरायला लागली. वडिलांनी हे पाहिलं. एक्स-रेपेक्षा हे त्यांना लवकर कळलं.

अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून लाँगस कोलाय आणि लाँगस कॅपिटिस नावाचे बारीक स्नायू असतात. मानेचे सात मणके एकावर एक सावरून धरणं हे त्यांचं काम. ते लवकर थकतात त्या माणसाची मान बाहेरचे मोठे स्नायू धरून ठेवतात आणि खांद्यावर गाठी येतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ग्वेन जुल यांनी याची छान चाचणी बसवली: मानेखाली हवेची पिशवी, दाब २० वर, आणि नुसतं 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी किंचित हलवत तो दोन-दोनने ३० पर्यंत न्यायचा, प्रत्येक टप्प्यावर थांबायचं. ते यंत्र महाग. मी बीपीचा पट्टा घडी करून वापरते, काम भागतं. मुलगा २४ ला अडकला. काटा बघून मात्र त्याचे डोळे चमकले. गेम खेळणाऱ्या पोराला लेव्हल लागते.

गळ्यातला पट्टा काढून ठेवायला सांगितला. वडिलांना तेवढं आवडलं नाही, पैसे देऊन आणला होता.

१८ जून, मंगळवार

रात्री साडेनऊला मुलाच्या वडिलांचा व्हॉट्सॲप. तेच चित्र, जे वर्षातून निदान दहा जण मला पाठवतात: मोबाईलमध्ये मान घातलेला मुलगा आणि मानेवर बसवलेलं वजन. सरळ असताना ५ किलो, १५ अंशांना १२, ३० ला १८, ४५ ला २२, ६० ला २७ किलो. खाली लाल अक्षरांत 'सावधान'.

हे आकडे खोटे नाहीत. केनेथ हन्सराज या न्यूयॉर्कच्या सर्जनने २०१४ मध्ये ते मांडले. पण ते कॉम्प्युटरवर केलेल्या मॉडेलचं गणित आहे. कुणा मुलाच्या मानेत काटा बसवून मोजलेलं नाही, आणि त्यातून किती जणांची मान दुखली हे तर त्यात नाहीच.

त्यांना फोनवर एवढंच म्हटलं, की डोकं पुढे गेलं की अंतर वाढतं, अंतर वाढलं की मोमेंट वाढतो. त्यांनी लगेच धरलं. लाईनवर टॉर्क गन लांब हाताने धरली तर काय होतं हे त्यांच्या खांद्याला माहीत आहे. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की मी हातातलं पोळीचं पीठ तसंच ठेवून बसले. "रोज पाच तास २७ किलो उचलतोय तर मान पैलवानासारखी व्हायला पाहिजे ना हो?"

होत नाही, कारण तो उचलत नाहीये, लोंबकळतोय. मान पूर्ण खाली गेली की मागचे स्नायू काम जवळजवळ सोडून देतात आणि भार स्नायुबंधांवर जातो. जरा कमी झुकली तर स्नायू थोडा-थोडा, पण अखंड आवळलेला राहतो. दोन्हींत बळ वाढत नाही. बळ वाढायला भार यावा लागतो, जावा लागतो, पुन्हा यावा लागतो.

"म्हणजे स्टेशनच बदलत नाही त्याचं," ते म्हणाले.

त्यांच्या प्लांटमध्ये दर काही तासांनी माणूस एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जातो, वर हात करून करायचं काम एकाच्याच नशिबी राहत नाही. जॉब रोटेशन. मी वर्षानुवर्षं पालकांना जे समजावते आहे ते या माणसाने एका वाक्यात संपवलं.

१९ जून, बुधवार

कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी बोलावलं होतं, मुलांना 'पोश्चर'वर चार शब्द सांगा म्हणून. चार शब्द सांगण्याआधी मागे बसून पाहिलं. तळमजल्यावरचा गाळा, भिंतीला टेकून ओळीने टेबलं, मॉनिटर सीपीयूवर चढवलेले, खुर्च्या फिरत्या पण एकीचाही वर-खाली होणारा दांडा चालत नव्हता. आठवीतल्या मुलीला पडदा उंच, ती हनुवटी वर करून बघते. शेजारचा सहा फुटी मुलगा पाठीचं धनुष्य करून बसलेला. एकच टेबल, दोघांची मान पुढे, कारणं उलटी. लहानांचे पाय हवेत. पाय लोंबले की माणूस खुर्चीच्या कडेवर घसरतो, मग पाठ खुर्चीला टेकत नाही.

अर्ध्या तासात एवढंच केलं: लहानांचे मॉनिटर सीपीयूवरून खाली, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. पायांखाली पुस्तकांचे गठ्ठे. सरांकडे '२१ अपेक्षित'चे जुने प्रश्नसंच पडून होते, ते यंदा खरोखर उपयोगी पडले. लॅपटॉप आणणाऱ्यांना सांगितलं की लॅपटॉपची रचनाच अशी, की पडदा डोळ्यांना नीट आला तर हात लटकतात आणि हात नीट आले तर मान वाकते. तो उंचावर ठेवा आणि साधा वेगळा कीबोर्ड-माऊस जोडा.

मुलांना 'ताठ बसा' म्हटलं नाही. उठायला सांगितलं. सर घाबरले, बॅचचा वेळ जातो. दर अर्ध्या तासाला एक मिनिट, असा सौदा झाला.

परत येताना आठवलं, २०२० च्या जुलैत केंद्राने 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या होत्या: नववी ते बारावीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे फार तर चार ऑनलाइन तास. शाळा उघडल्या आणि ते कागद मागे पडले. पोरांचे खासगी क्लास मात्र पडद्यावरच राहिले.

२१ जून, शुक्रवार

योगदिन आणि वटपौर्णिमा एकाच दिवशी. सकाळी सातला शाळेच्या पटांगणावर सूर्यनमस्कार, नऊनंतर वडाखाली गर्दी. दोन्हीकडे साड्या त्याच.

सूर्यनमस्कार शाळाशाळांत पोचवण्यात मोठा हात औंधच्या राजांचा, भवानराव पंतप्रतिनिधींचा, १९२०च्या दशकात. (ते औंध साताऱ्याकडचं. आपल्या सांगवीपलीकडचं नव्हे. मुलांना दरवर्षी हे सांगावं लागतं.) मानेच्या दृष्टीने मला तो व्यायाम पसंत आहे, कारण त्यात मान एकटी काम करत नाही: छाती उघडते, पाठीचा वरचा भाग मागे जातो, हातांवर वजन येतं. तासन् तास बसणाऱ्या पोरांची मान दुखते तेव्हा अडलेली असते बरेचदा मानेखालची पाठ, बरगड्यांमागची. पोरं मात्र ती पाठ तशीच ठेवून मान तेवढी मागे मोडतात. आज पुढच्या रांगेत तेच चाललं होतं. सर्वांगासन मी या वयाला गर्दीत करू देत नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी त्यासाठी खांद्यांखाली घड्या घातलेल्या घोंगड्या द्यायला सुरुवात केली ती उगाच नाही. खांदे उंच, डोकं खाली, म्हणजे मान चेपत नाही. पटांगणावर सतरंजी एक आणि पोरं चाळीस, तिथे घोंगड्या कुठल्या.

दुपारी त्या मुलाची आई आली. हातात पूजेचं ताट तसंच. मुलगा मागे. "याचं दाखवायला आले," म्हणत खुर्चीवर बसली आणि बसताना डावा हात मानेवर गेला तो उतरलाच नाही. भोसरीला वायरिंग हार्नेसच्या शॉपमध्ये आहे, क्रिम्पिंगवर. स्टुलावर बसून आठ तास वायरीचं टोक बघायचं. टार्गेट असतं. मुलाची मान तिनेच ओळखली होती, कारण तिची तिथेच दुखते.

तपासलं. तिचं दुखणं जुनं, मुलाचं कोवळं. तिला म्हटलं, तुमचंही सुरू करू. "आधी याचं होऊ दे ताई."

मुलगा आज २६ वर गेला.

२३ जून, रविवार

चिखलीच्या घरकुल वसाहतीत, त्या मुलाच्या घरी. रविवारी मी कुणाकडे जात नाही, पण वडिलांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, स्टडी केलाय, एकदा बघा." त्यांनी खरंच ए-फोर कागदावर पट्टीने रकाने आखले होते: समस्या, आधी, नंतर, फायदा. कंपनीत कायझेन, म्हणजे छोट्या सुधारणेचं पत्रक, भरतात तसं. 'आधी'मध्ये फोटो चिकटवलेला: पोरगा दिवाणावर, पाठ भिंतीला, लॅपटॉप मांडीवर, हनुवटी छातीला. मुलाला न सांगता काढलेला. त्यावरून घरात वाजलं होतं.

घर एवढंएवढंसं. टेबल मावत नाही. त्यांनी शोधलेल्या तीन जागा दाखवल्या. एक, जमिनीवर पाटावर बसून, समोर स्टुलावर लॅपटॉप, कीबोर्ड मांडीवरच्या फळीवर. दोन, दिवाणाच्या कडेला पाय खाली सोडून, पायांखाली दुसरा पाट. तीन, स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप, उभं राहून नुसते लेक्चर बघायला. तिसऱ्यावर आईचा आक्षेप: "मी भाकरी कुठे थापू?" तडजोड चार ते सहा. मोबाईलवर गजर, वाजला की जागा बदलायची.

कुठली जागा सगळ्यात बरोबर, असं त्यांनी विचारलं. एकही नाही. आणि तिन्ही चालतील, जोवर त्यातली एक कायमची होत नाही. हे त्यांना समजावायची वेळ आली नाही, प्रश्न विचारतानाच ते हसले.

व्यायाम घरच्याच वस्तूंवर बसवले. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून दोन्ही हातांनी मागे ओढायचा, खांद्याची पाती एकमेकांकडे, खांदे कानाकडे न चढवता. पोटावर झोपून कपाळ टॉवेलवर, दोन्ही हात बाजूला पसरून अंगठे वर, हात जमिनीवरून उचलून पाच आकडे. उताणं झोपून हनुवटीचं 'हो', दहा सेकंद, दहा वेळा, दात न आवळता. बोटाने हनुवटी मागे ढकलायची नाही. रील्समध्ये ती ढकलतात. मान गोल-गोल फिरवायची नाही आणि कडकड तर मोडायचीच नाही, हे मुलाला. वडिलांना वेगळं सांगितलं, कारण मोडायची सवय त्यांची.

किती वेळ करायचं? डेन्मार्कमध्ये ऑफिसात बसणाऱ्या १९८ जणांवर केलेलं काम २०११ मध्ये छापून आलं. मान-खांदे वारंवार दुखणारे हे लोक. काहींना रोज दोन मिनिटं रबरी पट्ट्याचा व्यायाम, काहींना बारा. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी. बारावाले फार पुढे गेले नाहीत. ते मोठ्या माणसांवरचं आहे, पंधरा-सोळाच्या पोरावर जसंच्या तसं चिकटवता येत नाही. पण आमच्याकडे व्यायाम सुटतो तो वेळेअभावी, म्हणून मी दोन मिनिटांवरच हट्ट धरते आणि बारा मिनिटांचा छापील तक्ता कुणाला देत नाही.

२५ जून, मंगळवार

आठवीतली ती उंच मॉनिटरवाली मुलगी आईबरोबर आली. मॉनिटर खाली आला तरी मान पुढेच. फळ्यावरचं वाचायला सांगितलं तर डोळे बारीक. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवली. नंबर निघाला तर अर्धी मान तिथेच सुटेल.

२७ जून, गुरुवार

वाकडच्या एका आयटीवाल्या वडिलांशी जुंपली. त्यांनी मुलाला पाठीवर बांधायचा, वाकलं की थरथरणारा पट्टा आणून दिलाय. मुलगा दिवसभर लाकडासारखा ताठ आणि आता पाठही दुखते. "पण पोश्चर तर करेक्ट झालं ना?"

त्यांना आकडे हवे होते, दिले. पर्थमध्ये १९८९ पासून एकाच पिढीच्या मुलांचा मागोवा घेणारा अभ्यास चालू आहे. ती मुलं १७ वर्षांची झाली तेव्हा हजाराहून जास्त जणांचे बसलेले फोटो बाजूने काढले, मानेच्या ठेवणीचे गट पाडले. पुढे मान असलेल्यांची मान ताठवाल्यांपेक्षा जास्त दुखते असं काही निघालं नाही. ते २०१६ ला छापलं गेलं. रिओ द जानेरोत १८ ते २१ वयाच्या १५० जणांची मोबाईल बघतानाची मान तपासली, ते २०१८ मध्ये छापून आलं, तिथेही तेच.

याचा अर्थ कसंही बसा असा नाही. ज्याचं दुखतंय त्याने जागा बदलून पाहावी, बरं वाटतं. पण न दुखणाऱ्या पोराला दिवसभर 'सरळ बस, सरळ बस' म्हणणं म्हणजे त्याच्या मानेबद्दल त्याच्या मनात भीती पेरणं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांत झोप कमी, खेळ बंद आणि परीक्षेची धास्ती हे तिन्ही मिळतात, बसण्याची तऱ्हा काही का असेना. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि रोज तासभर घाम येईल असं काहीतरी. वाकडच्या सोसायटीत बॅडमिंटन कोर्ट आहे. त्यावर गाड्या लागतात, असं त्यांनीच सांगितलं.

थरथरणारा पट्टा ते परत करणार नाहीत. महाग होता.

२९ जून, शनिवार

तुकोबांची पालखी काल देहूहून निघाली, आज आकुर्डीत मुक्काम. दुपारपासून विठ्ठल मंदिराजवळच्या मांडवात कॉलेजच्या फिजिओच्या मुलींबरोबर वारकऱ्यांचे पाय बघत होते. पोटऱ्या, टाचा, पायाचे फोड. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींना एका विद्यार्थिनीने विचारलं, मान दुखते का. आजी म्हणाल्या, "मान नाय गं, हा अंगठा बघ." नख काळं पडलं होतं. विद्यार्थिनी वहीत काहीतरी लिहीत होती. तिला सांगितलं, आजींवरून सिद्धांत काढू नकोस, त्या वर्षभर शेतात असतात.

घरी पोचेपर्यंत टी-ट्वेन्टी विश्वचषकाची फायनल सुरू झालेली. साडेअकराच्या सुमाराला भारत सात धावांनी जिंकला आणि स्पाईन रोडवर फटाके, गाड्या, भोंगे. उद्या रविवार, म्हणजे सोमवारी दवाखाना भरणार. पोरं दिवाणावर आडवी पडून, मोबाईल छातीवर, उशा दोन, मान त्रेसष्ट अंशांत. सामन्यापुरतं माफ.

२ जुलै, मंगळवार

मुलगा ३० वर गेला आणि तिथे दहा सेकंद थांबला. खांद्यावरची गाठ अजून आहे, सकाळी दुखत नाही, रात्री आठनंतर दुखते. गेम कमी झालेला नाही. जागा बदलून खेळतो. त्याच्या बोटांत मुंग्या, हातातून वस्तू सुटणं, चालताना तोल जाणं यातलं काही कधी दिसलं तर माझी वाट न बघता थेट वायसीएम रुग्णालयात जायचं, हे कागदावर लिहून दिलं. आता पंधरा दिवसांनी.

वडिलांनी शीट पुरी करून आणली होती. 'फायदा'च्या रकान्यात कंपनीत रुपये लिहावे लागतात. इथे त्यांनी लिहिलं होतं: औषध शून्य, पट्टा शून्य, आरडाओरडा अर्धा. सगळ्यात खाली 'हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट', म्हणजे हीच सुधारणा आणखी कुठे लागू करता येईल. तिथे त्यांनी बायकोचं नाव आणि पुढे 'क्रिम्पिंग स्टूल' लिहून खोडलं होतं.

"तिथे आपलं चालत नाही मॅडम. आमच्याकडे युनियन आहे, रोटेशन आहे. तिच्याकडे स्टूल आहे."

ती बाहेर बाकावर बसली होती. आत बोलावलं. म्हटलं, चिठ्ठी देते, दर तासाला पाच मिनिटं उठू द्यावं आणि आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या कामावर घालावं अशी. पेन काढलं तर तिने लेटरहेडवर हात ठेवला. "त्याच्यावर नको लिहू ताई. कंत्राटी आहे मी. उद्या स्टुलावर दुसरी बसेल."

मग साध्या कागदावर तिच्यासाठी लिहिलं, सुपरवायझरला दिसणार नाहीत असे: बॉबिन बदलताना उभं राहून, हात मागे बांधून छाती पुढे, तीन श्वास. पाण्याची बाटली मुद्दाम लांबच्या खिडकीत ठेवायची. वायरीचा बंडल डावीकडचा उजवीकडे, जेवणानंतर. रात्री मुलगा पट्टा ओढतो तेव्हा त्याच्याशेजारी, त्याच गजाला दुसरा पट्टा. तिच्यासाठी कमी ताणाचा, एक रंग हलका दिला. पैसे मुलाच्या बिलात धरायचं ठरलं.